जिला कुठेच जागा नव्हती

मुंबई-पुण्याहून निघालेली चेन्नईची गाडी सोलापूर, वाडी, रायचूर, गुंतकल, रेणिगुंटा, अरक्कोणम अशी स्टेशने मागे टाकत जाते. शहर गाठण्याच्या थोडे आधी अंबत्तूर लागते. लांब पल्ल्याच्या गाड्या तेथे सहसा थांबत नाहीत. त्यामुळे आपल्याकडच्या प्रवाशाला अंबत्तूर म्हणजे खिडकीतून दिसणारी कारखान्यांची छपरे एवढेच ठाऊक असते. या अंबत्तूरच्या पोटातच ओरगडम नावाची वस्ती आहे. वर्तमानपत्रांत मोटारींच्या कारखान्यांमुळे ज्याचे नाव येते ते ओरगडम वेगळे, ते श्रीपेरंबुदूरच्या बाजूला. हे ओरगडम मध्यमवर्गीय घरांचे. अंबत्तूरची औद्योगिक वसाहत १९६४ ची, पण हा सारा भाग चेन्नई महापालिकेत आला तो २०११ मध्ये.

या भागाबद्दल महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी लिहिण्याचे कारण कारखाने नव्हेत. ओरगडमपासून चार-सहा मैलांच्या टापूत लोकांच्या अडीअडचणीला धावणाऱ्या इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या संस्था आहेत, की संस्था कशी जन्माला येते आणि कुठे कमी पडते, हे एकाच ठिकाणी पाहायला मिळते. अंबत्तूरमध्येच सर आयव्हन स्टेडफर्ड रुग्णालय आहे. हर्क्युलिस सायकली बनवणाऱ्या मुरुगप्पा उद्योगसमूहाने १९६६ मध्ये ते सुरू केले. नैऋत्येला तिरुवेरकाडू येथे ‘उदवुम करंगल’, म्हणजे ‘मदतीचे हात’. चित्रपटगृहात कुणीतरी टाकून दिलेले तान्हे मूल एका रिक्षावाल्याने विद्याकर या तरुण समाजसेवकाच्या हाती आणून दिले आणि १९८३ मध्ये ही संस्था सुरू झाली. अण्णानगरच्या पश्चिम टोकाला ‘स्कार्फ’ आहे. स्किझोफ्रेनिया या आजारावर उपचार आणि संशोधन करणारी ही संस्था डॉ. सारदा मेनन यांनी १९८४ मध्ये काढली. भारतातल्या पहिल्या स्त्री मनोविकारतज्ज्ञ म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. किल्पॉकच्या सरकारी मनोरुग्णालयाचा कारभार त्यांनी अनेक वर्षे सांभाळला होता. शहरात पुढे गेले की आत्महत्येच्या विचारात असलेल्यांचे बोलणे ऐकून घेणारी ‘स्नेहा’ आहे. डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ती १९८६ मध्ये सुरू केली.

आता यात आणखी कशाची उणीव होती, असे कुणालाही वाटेल. अनाथ मुलाची सोय, आजाऱ्याची सोय, मन खचलेल्याची सोय. शिवाय सरकारचे मनोरुग्णालय होतेच. त्याची परंपरा तर १७९४ पर्यंत मागे जाते.

नियमात न बसणारी बाई

१९९३ ची गोष्ट. चेन्नईतील एका महिला महाविद्यालयाजवळ रस्त्यावर एक बाई भटकत होती. अंगावर धड कपडे नाहीत, केसांच्या जटा झालेल्या, स्वतःशीच बडबड चाललेली. येणारे-जाणारे नजर चुकवून पुढे जात होते. वंदना गोपीकुमार आणि वैष्णवी जयकुमार या दोन मैत्रिणी मात्र थांबल्या. दोघी जेमतेम बावीस-तेवीस वर्षांच्या. त्यांनी तिला आसरा मिळवून द्यायचे ठरवले आणि दारोदार फिरायला सुरुवात केली. तेव्हा त्यांना कळले, की शहरात संस्था पुष्कळ असल्या तरी या बाईला ठेवून घेणारी एकही नाही.

यात कुणाचे मन दगडाचे होते असे नाही. प्रत्येक संस्थेचे नियम असतात आणि ते असावेही लागतात. निराधार स्त्रियांच्या आश्रमाला वेडाचा झटका आलेली बाई झेपत नाही, कारण तेथे इतर बायका राहत असतात. मनोविकारावर उपचार करणाऱ्या संस्थेला सोबत घरचे माणूस लागते. आजाराची माहिती कोण देणार, सही कोण करणार, बरी झाल्यावर घरी कोण नेणार? सरकारी मनोरुग्णालयाला त्या काळी दंडाधिकाऱ्याचा हुकूम लागे. आणि पोलिसांच्या लेखी तिने काही गुन्हा केलेला नव्हता. म्हणजे ती आजारी होती, निराधार होती आणि स्त्री होती. या तीनपैकी एकच अडचण असती तर तिची सोय लागली असती. तिन्ही एकत्र आल्या म्हणून तिला कुठेच जागा नव्हती.

मला वाटते, कोणत्याही शहराच्या समाजसेवेचा कस लागतो तो येथेच. किती संस्था आहेत हे मोजण्यापेक्षा ‘आमच्याकडे बसत नाही’ असे सगळ्यांनी सांगितल्यावर माणूस कुठे जातो, हे पाहावे.

या दोघींनी त्याच वर्षी भाड्याचे घर घेऊन ‘द बॅनियन’ सुरू केली. बॅनियन म्हणजे आपला वड. पुढे ओरगडमपासून जवळच, मोगप्पेअर येथे सरकारकडून मिळालेल्या जागेवर ‘अडैकलम’ उभे राहिले. या तमीळ शब्दाचा अर्थ आश्रय. प्रवेशाचा नियम उलटा होता. जिला सोबत कुणी नाही, जी स्वतःचे नावही सांगू शकत नाही, तिच्यासाठीच हे दार.

पिंपळगाव कुठले?

अशा स्त्रिया रस्त्यावर येतात तरी कशा? त्या जन्मतः निराधार नसतात. कुणाचे लग्न झालेले असते, कुणाला मुले असतात. बाळंतपणानंतर कुणाचे मन बिघडते. कुणाला विशी-पंचविशीत कानात आवाज ऐकू येऊ लागतात, नवरा विष घालतो आहे असे वाटू लागते. सासरचे माहेरी आणून सोडतात. आईवडील असेपर्यंत निभावते. त्यांच्या मागे भावजयीच्या घरात ती नकोशी होते. मध्ये कधी मांत्रिक होतो, कधी नवस होतो, डॉक्टर मात्र होत नाही किंवा औषध महिन्याभरात बंद पडते. एक दिवस ती घराबाहेर पडते आणि समोर दिसेल त्या गाडीत बसते. तिकीट नसते, उतरायचे कुठे हे ठाऊक नसते. गाडी जेथे संपते तेथे ती उतरते. म्हणून तर मोठ्या शहरांच्या टर्मिनसजवळ अशी परमुलखातली माणसे सापडतात.

आणि मग भाषेची भिंत उभी राहते. तमीळ मुलखात सापडलेली बाई मराठीत, ओडियात किंवा भोजपुरीत बोलू लागली, तर ऐकणाऱ्याला ते आजारातले बरळणे वाटू शकते. ती कदाचित तिच्या मुलाचे नाव सांगत असेल! उपचाराची सुरुवात आंघोळ, उवा काढणे, जखमा धुणे, पोटभर जेवण यांनी होते. रक्त कमी असते, ते भरून काढावे लागते. रस्त्यावरच्या बाईवर काय काय गुदरलेले असते हे सांगायला नको, त्यामुळे स्त्रीरोगतज्ज्ञाची तपासणीही लागते. औषधे सुरू झाल्यावर काही आठवड्यांनी आवाज मागे पडू लागतात, झोप येऊ लागते. मग एखाद्या दिवशी ती गावाचे नाव सांगते.

समजा, ती म्हणाली पिंपळगाव. आपल्याकडे पिंपळगावे किती! नाशिककडे आहे, जळगावकडे आहे, मराठवाड्यात तर जागोजाग. वडगावांची तीच गत. अशा वेळी मराठी कळणारे माणूस जवळ असले तर ते विचारते, बाजार कुठल्या वारी भरतो? जत्रा कुणाची? एसटी कुठल्या स्टँडवर लागते? नदी कुठली? या चार प्रश्नांतून तालुका सापडतो. तालुका सापडला की पोलीस ठाणे सापडते आणि मग घर. हे काम डॉक्टरचे नाही, ते भाषा येणाऱ्या कुणाही शहाण्या माणसाचे आहे. चेन्नईत मराठी कळणारी घरे कमी नाहीत. व्यंकोजीराजांच्या वेळेपासून, म्हणजे सतराव्या शतकापासून तंजावरकडे स्थायिक झालेल्या घराण्यांतले पुष्कळजण पुढे या शहरात आले. गरीब मराठी विद्यार्थ्यांना शिष्यवृत्त्या देणारा त्यांचा महरट्टा एज्युकेशन फंड शंभर वर्षांहून जुना आहे. त्यांची मराठी आपल्याला जुन्या वळणाची वाटेल, पण बाजाराचा वार विचारायला ती पुरते. आणि ‘अक्का’ ही हाक तर सांगली-कोल्हापुरात चालते तशीच चेन्नईतही चालते.

अलीकडे आधार कार्डाचाही उपयोग होतो. अशा व्यक्तीचे नवे कार्ड काढायला जावे तर बोटांचे ठसे आधीच नोंदलेले निघतात आणि त्यावरून पत्ता सापडतो. अशी बरीच उदाहरणे देशभरात घडली आहेत.

घर सापडले, पण

पत्ता सापडला की गोष्ट सुखान्त झाली असे आपल्याला वाटते. काही वेळा तसे होतेही. वर्षानुवर्षे मेलेली समजून जिचे दिवसकार्य उरकले ती दारात उभी राहिली म्हटल्यावर सारा गाव लोटतो. पण काही घरांत नवऱ्याने दुसरे लग्न केलेले असते. भावांनी जमिनीच्या वाटण्या केलेल्या असतात. घरात लग्नाची मुलगी असते आणि ‘वेडी मावशी’ परत आल्याचे कळले तर स्थळ मोडेल अशी भीती असते.

स्कार्फच्या डॉ. आर. तारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया झालेल्या आणि संसार मोडलेल्या स्त्रियांचा अभ्यास करून तो २००३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातली एक गोष्ट आपल्या वाचक भगिनींनी लक्षात ठेवावी अशी आहे. या स्त्रियांना आणि त्यांच्या माहेरच्यांना आजाराच्या कलंकापेक्षा नवऱ्याने टाकल्याचा कलंक पुष्कळदा अधिक बोचत होता. औषधाने आवाज थांबतात, शेजारणीची कुजबुज कशाने थांबवायची? हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजार हे काही अटींवर घटस्फोटाचे कारण ठरू शकते, हे नवऱ्यांना नेमके ठाऊक असते. घटस्फोट झाला तरी पोटगी मागण्याचा बायकोचा हक्क त्याने आपोआप बुडत नाही, हे मात्र तिच्या माहेरच्यांना कुणी सांगत नाही.

ज्यांना घर नाही किंवा घराने नाकारले, त्यांचे काय करायचे? रस्त्यावर परत धाडता येत नाही. बऱ्या झाल्या म्हणून रुग्णालयात ठेवणेही बरोबर नाही. मोगप्पेअरच्या मोठ्या आश्रयगृहातही हाच प्रश्न उभा राहिला. काहीजणी वर्षामागून वर्षे तेथेच राहिल्या. जेवणखाण, औषध, सोबत सगळे होते, पण सकाळची घंटा, रांगेतले ताट आणि एकाच वेळी विझणारे दिवे यांना घर म्हणत नाहीत. संस्था कितीही मायेची असली तरी ती संस्थाच. हे बॅनियनने स्वतःच्याच अनुभवावरून मान्य केले. माझ्या मते उभारलेली इमारत हेच उत्तर आहे असे न मानणे ही त्यांची सर्वांत मोठी गोष्ट आहे.

२०१५ च्या सुमारास त्यांनी ‘होम अगेन’ नावाचा प्रयोग सुरू केला. साध्या वस्तीत साधे घर भाड्याने घ्यायचे. त्यात चार-पाच जणींनी एकत्र राहायचे. मदतीला एखादी प्रशिक्षित बाई. आमटीला फोडणी कसली द्यायची, दूरदर्शनवर काय लावायचे, रविवारी कुठे जायचे, हे त्यांचे त्यांनी ठरवायचे. जिला जमेल तिने काम करावे, पैसे मिळवावेत. भांडणेही होतात, ती तर कुठल्या घरात होत नाहीत? पुढे हा प्रयोग केरळात आणि आसामात गेला. आपल्या रत्नागिरीतही पोहोचला. तेथले प्रादेशिक मनोरुग्णालय एकोणिसाव्या शतकातले.

याची गरज किती, हे याच संस्थेने इतरांबरोबर देशातल्या ४३ सरकारी मनोरुग्णालयांची पाहणी केली तेव्हा दिसले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अहवालानुसार तेथल्या सुमारे ३६ टक्के व्यक्ती वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ तेथेच राहत होत्या. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा तर स्पष्ट सांगतो, की घरच्यांनी नाकारले किंवा घरच नाही एवढ्या कारणासाठी कुणालाही रुग्णालयात डांबून ठेवता येणार नाही. कायद्याने हक्क दिला, घर मात्र कुणीतरी भाड्याने द्यावे लागते! घरमालक होणाऱ्या वाचकांनी एकदा स्वतःला विचारून पाहावे, आपण दिले असते का?

आपल्याकडची कामे

महाराष्ट्रातही या फटीत उतरून काम करणारी माणसे आहेत. बोरिवलीचे मनोविकारतज्ज्ञ डॉ. भरत वाटवानी आणि त्यांच्या पत्नी डॉ. स्मिता यांना एक तरुण नारळाच्या करवंटीने गटारातले पाणी पिताना दिसला. उपचार केल्यावर तो शिकलेला, आंध्रमधल्या चांगल्या घरातला मुलगा निघाला. त्यातून १९८८ मध्ये ‘श्रद्धा’ उभी राहिली. २००६ पासून तिचे केंद्र कर्जतजवळ आहे. बऱ्या झालेल्या माणसाला संस्थेचे कार्यकर्ते स्वतः सोबत घेऊन देशाच्या कुठल्याही कोपऱ्यात घरी पोहोचवतात. डॉ. वाटवानींना २०१८ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. अहिल्यानगरजवळ, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगरजवळ, शिंगवे नाईक येथे डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे हे दांपत्य ‘माउली’मध्ये रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांना सांभाळते.

सगळीच आश्रयगृहे अशी नसतात, हेही सांगितले पाहिजे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तमिळनाडूतल्याच एरवाडी येथे अशाच एका खासगी आश्रयगृहाला आग लागली आणि २८ मनोरुग्ण जळून मेले. त्यांना साखळदंडांनी बांधून ठेवले होते, पळता आले नाही. त्यांना तेथे आणून सोडणारे घरचेच लोक होते, दर्ग्याच्या पुण्याईने बरे वाटेल या आशेने. म्हणून घरच्या माणसाला कुठेही ठेवण्यापूर्वी विचारावे, २०१७ च्या कायद्याखाली मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून नोंदणी आहे का? मनोविकारतज्ज्ञ किती दिवसांनी येतात? भेटायला केव्हाही येता येईल का? शेवटच्या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर मिळाले तर तेथून उठावे.

दान देताना आपण वाढदिवसाचे गोड जेवण देतो, जुन्या साड्या देतो, फोटो काढतो. द्यायला हरकत नाही. पण अशा संस्थांना खरी ओढाताण असते ती परिचारिकेच्या पगाराची, औषधांची, भाड्याच्या घराची आणि एखादीला सोडायला जाणाऱ्या दोघांच्या रेल्वे तिकिटाची. या खर्चाला कुणाचे नाव लावता येत नाही म्हणून त्याला दाते मिळत नाहीत. नेमाने दरमहा पाठवलेली लहान रक्कम वर्षातून एकदा दिलेल्या जेवणावळीपेक्षा उपयोगी पडते.

घरातले आजारी माणूस निघून गेले असेल तर ‘येईल परत’ म्हणून वाट पाहू नका. त्याच दिवशी पोलिसांत नोंद करा, अलीकडचा फोटो द्या, आजाराचे आणि औषधाचे नाव सांगा. अब्रूसाठी आजार लपवाल तर शोधणाऱ्यांचीच दिशाभूल होईल. उपचार कुठे मिळतील हे कळत नसेल तर केंद्र सरकारची टेलि-मानस ही दूरध्वनी सेवा २०२२ पासून आहे. तिचा क्रमांक १४४१६. ती मराठीतही बोलते.

आणि तुमच्या स्टँडवर, मंदिराच्या पायरीवर, पुलाखाली अशी एखादी बाई दिसली तर? स्वतःचे भान नसलेल्या भटक्या मनोरुग्णाला संरक्षणात घेऊन चोवीस तासांच्या आत सरकारी रुग्णालयात नेणे हे त्या भागातल्या पोलीस ठाण्याचे कायद्याने ठरलेले कर्तव्य आहे. तिला कोठडीत ठेवता येत नाही. तेव्हा ११२ वर फोन करा आणि पोलीस टाळाटाळ करू लागले तर कलम १०० चा उल्लेख करा. ती येईपर्यंत एखाद्या बाईमाणसाने थोड्या अंतरावर थांबावे, पाणी द्यावे, अंगाला हात लावू नये, फोटो काढून चारचौघांत फिरवू नये. तिचे बोलणे कळत नसेल तर भाषा कुठली असावी याचा अंदाज घ्या आणि ती येणारे माणूस शोधा. मुंबईत असाल तर माटुंगा आणि धारावीत तमीळ बोलणाऱ्यांना तोटा नाही. लहान गावात असाल तर कोपऱ्यावरच्या इडलीवाल्या अण्णांना हाक मारा. अण्णा उडुपीचे, कानडी निघाले तरी तमीळ येणारा आचारी कुठे सापडेल, हे बहुधा तेच सांगतील.